येळवशीची परेड

दिवसभर मोट हाकून आलेल्या माणसाला संध्याकाळी कुणी 'पाय उचल' म्हटलं, तर त्याच्या मनात काय येतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या मनात ते दर शनिवारी येत होतं, आणि तरी आम्ही पाय उचलत होतो.

चीनच्या लढाईनंतर सरकारनं शेतकऱ्यांची एक राखीव पलटण उभी केली. आपापलं काम सांभाळायचं, आठवड्याला परेड करायची, आणि हाक आली की निघायचं. तामलवाडीच्या अलीकडं, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावालाही त्यातली एक तुकडी मिळाली. भरतीच्या दिवशी उत्साह असा की दात पडलेली माणसंही छाती फुगवून उभी होती. मग चिनी आपल्या वाटेनं परत गेले, दोन पावसाळे झाले, खाकी चड्ड्यांचा रंग उडाला आणि उत्साहही उडाला. शनिवारची परेड तेवढी राहिली.

तुकडीचे प्रमुख हिंमतराव. त्यांना मोठी जमीन होती आणि शिट्टी वाजवता येत होती, म्हणून ते प्रमुख. माझा आवाज मोटेवर ओरडून ओरडून मोठा झालेला, म्हणून मी नायक. किराणा दुकानदार गुरुसिद्धप्पा पहिल्या रांगेत, कारण दुसऱ्या रांगेत उभा केला तर त्याचं पोट पुढच्याच्या पाठीला लागायचं. बिरदेव धनगर शेवटी. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. दुसऱ्याच्या पायाला पाय जुळवायचा असतो हे त्याला पटतच नव्हतं.

खरी तुकडी चालवायचे दादामियाँ. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. निजामाच्या फौजेत घोडदळात होते. फौज गेली तसे गावी आले आणि बैलांना पत्र्या ठोकायला लागले. सकाळी बैलांचे खूर, संध्याकाळी आमच्या टाचा. दोन्ही कामं ते सारख्याच बारकाईनं करायचे, पण बैलांशी जरा प्रेमानं बोलायचे.

"ज्ञानोबा, टाच! टाच कुठं हाय तुझी?" ते माझ्यापुढं उकिडवे बसून विचारायचे.

"पायालाच हाय की उस्ताद."

"मंग जुळंना का? बैल बरा रे बाबा. त्याला एकदा सांगितलं की कळतंय."

रागवायचा माझा स्वभाव आहे, पण उस्तादांवर रागावता यायचं नाही. पन्नाशी ओलांडलेला, गुडघे धरलेला माणूस आमच्याआधी मैदानावर हजर असायचा. मैदान म्हणजे शाळेपुढची मोकळी जागा. तिथले खडे ते स्वतः वेचून ठेवायचे. शर्टाला इस्त्री असायची. ती हसीनाभाभी तांब्यात निखारे घालून करायच्या, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

डिसेंबरात वरून निरोप आला की साहेब तपासणीला येणार, दिवस तुमचा तुम्ही कळवा. ज्या तुकड्या भरलेल्या आणि नीट दिसतील त्या राहतील, बाकीच्या मोडून तालुक्याला जोडतील. म्हणजे ज्याला परेड करायची त्यानं तुळजापूरला जावं. कोण जातो! म्हणजे तुकडी मोडली तर ती मोडलीच. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांना आत कुठंतरी बरंच वाटलं. शनिवारी संध्याकाळी अंगणात पाय पसरून बसायचं सुख आम्ही विसरून गेलो होतो.

उस्तादांनी परेड संपल्यावर विचारलं, "नव्या वर्साचा पहिला शनवार. दोन तारीख. मंजूर?"

"मंजूर," आम्ही म्हणालो. दमलेली माणसं कशालाही मंजूर म्हणतात.

आता यात एक घोटाळा होता, आणि तो आमच्यासारख्यांच्याच हातून व्हावा. तारीख ही आमच्या लेखी सरकारची गोष्ट. कोर्टाची असते, शाळेची असते, एस.टी.च्या तिकिटावर असते. आमचं वर्ष चालतं तिथीवर. पेरणी नक्षत्रावर, बाजार वारावर आणि सण चंद्रावर. उस्तादांचा चंद्र तर आणखी वेगळा, रमजान-ईदेचा. दोन जानेवारीला कोणती तिथी येते हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. हिंमतरावांच्या बैठकीत दिनदर्शिका टांगलेली होती, पण ती चित्रासाठी.

सुचलं ते माझ्या बायकोला. कस्तुराबाई एके सकाळी म्हणाली, "बाजारातनं नवी बिंदगी आणा. शनवारी येळवस हाय. आंबील कशात घालू?"

मी भाकरीचा घास हातातच धरून बसलो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सारा गाव रानात. ज्वारीत कडब्याची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, आंबील, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा. घरधन्यानं शेताला फेरी मारत चर शिंपायचा, म्हणजे पिकावर आंबील शिंपडायची, आणि त्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. ज्याला शेत नाही त्याला आपल्या शेतात बोलवायचं. दादामियाँ आणि हसीनाभाभी वर्षानुवर्षं आमच्याच शेतात यायचे. त्या दिवशी माणूस उपाशी राहिला तर दोष शेताला लागतो, असं आम्ही मानतो.

त्याच दिवशी आम्ही मैदानावर टाचा जुळवणार होतो.

मी आणि हिंमतराव उस्तादांकडं गेलो. एक बैल आडवा पाडून, पाय बांधून ते पत्री ठोकत होते. तोंडात खिळे होते. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी एक-एक करून खिळे हातावर काढले.

"मला तरी कसं ध्यानात आलं न्हाय?" ते म्हणाले. "मीच तारीख दिली."

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं तारीख बदलायला गेले. रात्रीच्या आत परत आले. साहेबांचा दौरा ठरला, अमावस्येला सरकार बंद नसतं, असं कुणीतरी कारकुनानं सांगून त्यांना वाटेला लावलं होतं.

"तुमी रानात जावा," त्यांनी आम्हाला सांगितलं. "म्या हुभा ऱ्हातो एकला. साहेबाला सांगतो, चूक माझी."

"म्हंजी तुकडी मोडंल की उस्ताद," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"मोडू दे. माझी काय ही पहिली न्हाय."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आम्हाला ते सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या वेळची गोष्ट. लढाई त्यांच्यापर्यंत आलीच नाही. एका सकाळी त्यांच्या दस्त्याला हत्यारं घेऊन मैदानावर उभं केलं. साहेब येईल, हुकूम देईल म्हणाले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, साहेब आला नाही. दिवस मावळताना एक कारकून सायकलीवर आला आणि म्हणाला, हत्यारं खाली ठेवा आणि घरला जा. माणसं एकेक करून, बाजार उठल्यावर निघावीत तशी निघाली. कुणी सलामी दिली नाही, कुणी घेतली नाही.

"फौजेत मानूस हुकमानं उभा ऱ्हातो आन हुकमानं सुटतो," उस्ताद म्हणाले. "मला कुनी सोडलंच न्हाय रे. इतकी वर्सं झाली, मला सपनात अजून तेच मैदान दिसतंय. म्या हुभाच हाय."

तुकडी मोडली तर शनिवारची संध्याकाळ मोकळी, एवढाच आमचा हिशेब होता. या माणसासाठी ती काय होती ते त्या दिवशी कळलं, आणि माझं मला वाईट वाटलं. हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उजाडता पूजा उरकू. मंग परेड. साहेब गेला की दुपारी चर शिंपू. घरच्यांना थांबवू तेवढं."

घरच्यांना थांबवणं म्हणजे काय हे हिंमतरावांच्या घरी माणसं कामाला असल्यामुळं त्यांना माहीत नव्हतं. कस्तुराबाई मला तीन दिवस वाकडं बोलत होती. "चिनी काय येळवशीच्याच दिवशी येनार व्हते व्हय?" असं तिनं भाकऱ्या थापता थापता विचारलं. पण पहाटे टोपलं डोक्यावर घेऊन तीच पुढं निघाली. हसीनाभाभी मागून बिंदगी घेऊन. पूजा झाली आणि मी कोपीतून निघालो, तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "बेगीन या. चर शिंपल्याबिगर कुनी जेवायचं न्हाय." ते मलाच सांगितलेलं होतं.

मैदानावर सारी तुकडी भरली. बिरदेवसुद्धा वेळेवर. चौकीतल्या कोठडीतून रायफली काढून आणल्या होत्या. मोजक्याच होत्या, त्या पहिल्या रांगेला दिल्या. उस्तादांनी एकेकाची कॉलर नीट केली. माझ्या टाचांकडं पाहिलं, मान हलवली आणि काही बोलले नाहीत. त्यामुळं मला जास्तच लागलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. गाव रिकामा. रस्त्यावरून एक एस.टी. गेली, एक उसाची गाडी गेली. साहेब अकराला येणार होता. बारा झाले असतील. शाळेच्या भिंतीची सावली पायाखाली येऊन संपली. मैदानावरून शेतं दिसत होती. कोपी दिसत होत्या. ज्या कोपींचे धनी आमच्या रांगेत होते, तिथं बायका-पोरं नुसती बसून होती. बाकीच्या शेतांतून पोरांचा ओरडा आणि भज्जीचा वास येत होता. वास कुठून कुठं येतो, उपाशी माणसाला विचारावं.

उस्तादांनी आम्हाला विश्राम दिला, मग बसायला सांगितलं. स्वतः बसले नाहीत. गुरुसिद्धप्पाला घेरी आली तर त्याला शाळेच्या ओट्यावर टेकवलं. पोटऱ्या दुखून आल्या होत्या, जीभ कोरडी पडली होती. मला तर साहेबाचा, चीनचा, अमावस्येचा आणि माझ्या मोठ्या आवाजाचाही राग येत होता. उन्हं कलली. उस्ताद एकदा रस्त्याकडं पाहत होते, एकदा शेतांकडं. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ इस्त्रीच्या कॉलरमध्ये गेला, तो मला अजून दिसतो.

अचानक ते पुढं आले. "तुकडी, सावधान!"

आम्ही उठलो. रस्त्यावर जीप दिसतेय का ते पाहिलं. काही नव्हतं. त्यांनी रायफली गोळा करून तीन-तीनच्या तिकाट्या लावायला लावल्या आणि परत रांगेत उभं केलं.

"तुकडी, विसर्जन!"

आम्ही उजवीकडं वळलो, सलामी दिली, आणि गोंधळून तिथंच उभे राहिलो.

"उस्ताद," हिंमतराव हळूच म्हणाले, "आता साहेब आला तर? समदं गेलं की."

"आला तर म्या हाय. तुमच्या बायका-पोरं उपाशी बसल्यात." "कुनाची वाट बघत दिवसभर हुभं ऱ्हायल्यावर मानसाचं काय हुतंय ते मला ठावं हाय. ते म्या तुमाला करनार न्हाय. जावा."

"तुमी बी चला. भाभी तिकडंच हैत."

"रायफली टाकून?"

आम्ही निघालो. शेतापर्यंतची वाट एवढी लांब मला कधी वाटली नव्हती. चर शिंपला. फेरी मारताना पाय ओढत होतो. परत येऊन बसलो, कस्तुराबाईनं पत्रावळीवर वाढलं, मी उंडा फोडला. तेव्हा माझं लक्ष हसीनाभाभींकडं गेलं. त्या वाढून घेत नव्हत्या. एका फडक्यात उंडे बांधत होत्या.

"उस्ताद कुठं हैत?" कस्तुराबाईनं विचारलं.

"रायफली राखत्यात."

"उपाशी?"

मी हातातला उंडा खाली ठेवला.

"आन तुमी जेवाया बसलाव!" ती एवढंच म्हणाली. तिनं माझ्यापुढची पत्रावळ उचलली, सारं परत टोपल्यात भरलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि बांधानं चालू लागली. भाभींनी बिंदगी घेतली. मी उष्टा हात घेऊन मागं. शेजारच्या रानातून गुरुसिद्धप्पाच्या रुद्रम्मानं हाक मारून विचारलं, काय झालं, कुठं निघालाव? कस्तुराबाईनं न थांबता सांगितलं. रुद्रम्मानं वळून नवऱ्याला उठवलं. मग पुढच्या रानातून कुणी, त्याच्या पुढच्या रानातून कुणी. चालून चालून आणि उभं राहून आमचे पाय मेले होते, पण त्या बायका पुढं चालत असताना मागं राहायची कुणाची छाती नव्हती.

उस्ताद रायफलींपाशी तसेच उभे होते. साऱ्या गावची टोपली मैदानात उतरताना पाहून ते म्हणाले, "हे काय?"

"येळवस," कस्तुराबाई म्हणाली. "तुमी रानात आला न्हाईत, म्हून रान आनलं."

पंगत बसली. तिकाट्या मधे, दोन्ही बाजूंनी आम्ही. बिरदेव म्हणाला, "म्या मेंढरं राखतो, रायफली न्हाय व्हय राखता येत? तुमी बसा." तेव्हा कुठं उस्तादांनी टोपी काढली. मांडी घालताना गुडघ्यांनी त्रास दिला, तेव्हा हिंमतरावांनी त्यांना हात दिला. भाभींनी आंबील ओतली. ते एका दमात प्याले आणि दुसरा वाडगा पुढं केला.

आणि तेवढ्यात जीप आली. दिवस मावळायला टेकला होता. जीपमागं एक ट्रक. उस्ताद धडपडत उठले, टोपी घातली, चड्डीला हात पुसला, सलामी ठोकली.

"तुकडी हजर हाय, साहेब," ते म्हणाले. "जेवतीया."

साहेब खाली उतरला. वयानं उस्तादांच्याच आसपासचा, भुवयांवर धूळ बसलेली. त्यानं पत्रावळी पाहिल्या, बायका पाहिल्या, रायफलींच्या तिकाट्या पाहिल्या. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. तो जीपच्या मडगार्डवर टेकला.

"सकाळी तार आली," तो म्हणाला. "खेड्यातल्या सगळ्या तुकड्या बंद. सकाळपासून गावोगाव रायफली गोळा करत फिरतोय."

"तपासणी, साहेब?"

"कसली तपासणी आता?" तो म्हणाला, आणि जरा थांबून, "तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

कुणी कळवलं नव्हतं. कस्तुराबाईनं त्याच्या हातात आंबिलीचा वाडगा दिला. त्यानं तो मुकाट्यानं घेतला. येळवशीला आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो काही घेऊन जायला आलेला का असेना.

आम्ही रायफली ट्रकमध्ये चढवल्या. उस्तादांनी प्रत्येक रायफल आपल्या रुमालानं पुसून दिली. शेवटची देऊन झाली आणि ट्रकचं फळकूट लागलं. आता हात हलवत घरी जायचं बाकी होतं. पण उस्ताद म्हणाले, "साहेब, एक हुकूम देऊ द्या. यांना नीट सोडतो."

साहेबानं मान हलवली. आम्ही रांगेत उभे राहिलो, चड्डीवर भज्जीचे डाग घेऊन. उस्ताद समोर आले. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलले, हुकूम काही येईना. हसीनाभाभींनी पदर तोंडाला लावला.

मला तेव्हा जे कळलं ते असं: आम्ही सुटू, आणि हा माणूस परत उभाच राहील. पुन्हा दिवस मावळताना, पुन्हा हत्यारं गेल्यावर. मी रांगेतून बाहेर आलो.

"उस्ताद," मी म्हणालो, "तुमी रांगेत या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं मारतात आता. मग ते गेले. गुरुसिद्धप्पा आपणहून सरकला आणि त्यांना उजव्या टोकाची जागा दिली. म्हाताऱ्यानं खांदे मागं घेतले, मुठी मांडीला लावल्या, नजर सरळ. साऱ्या रांगेत टाचा जुळलेला तेवढा एकच माणूस होता.

मोटेवर ओरडतो त्याच्या दुप्पट आवाजात मी हुकूम दिला. "तुकडी, विसर्जन!"

सारे उजवीकडं वळले. हात कपाळाला गेले. मडगार्डवर टेकलेला साहेब वाडगा बाजूला ठेवून उभा राहिला आणि त्यानं सलामी घेतली, उस्तादांचा हात खाली येईपर्यंत.

मग उस्ताद पावलं टाकत रांगेतून बाहेर पडले आणि भाभींकडं निघाले. माझ्याजवळून जाताना थांबले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत.

"आवाज बरा हाय तुझा," ते म्हणाले. "टाच मातर अजून कच्चीच हाय."